अडीच विती आणि एक बोट

दुपारी जेवणानंतर जरा डोळा लागला की मला अजून ती गाडी दिसते. कडुलिंबाखाली उभी असते, टपावर पिवळी पानं पडलेली असतात, आणि कुणीही हँडल न मारता ती हळूच चालू होते. आवाज मात्र येत नाही. आवाज येतो तो फक्त ह्यांचा. "लिव," म्हणतात, आणि मी मांडीवर वही घेते. काय लिहायचं ते सांगायच्या आत मला जाग येते, आणि मग दिवेलागणीपर्यंत मी उगीच सगळ्यांवर करवादत बसते.

हे म्हणजे माझे यजमान. नाव मी तेव्हा कधी घेतलं नाही, आता सत्तरी ओलांडल्यावर घेऊन कुणाला ऐकवू? सोलापुरात तेव्हा मोटारी बोटावर मोजण्याइतक्या. ह्यांनी कुणा साहेबाची मोडकी मोटार मिळवली आणि बैलं जुंपून घरी आणली. गल्लीतली माणसं दारात येऊन हसली. "मोटार घेतली का बैलगाडी?" असं विचारणाऱ्यांत माझा आवाजही होता, हे आज कबूल करते. ह्यांनी मोटार दारातल्या कडुलिंबाखाली लावली, सदरा काढला आणि खाली घुसले. पुढं दीड-दोन वर्षं मला घरात माणूस कमी आणि गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय जास्त दिसले.

पण गाडी उभी राहिली. साहेबाच्या वेळी तीत चार माणसं बसत; ह्यांनी मागचा भाग कापून लांबवला, समोरासमोर दोन बाकं ठोकली आणि सोलापूर ते मोहोळ अशी ती चालू केली. दहा माणसं, त्यांची गाठोडी, आणि बाजाराचा दिवस असला तर टपावर कोंबड्यांची खुराडी. ज्यांनी बैलगाडी म्हणून हसून घेतलं होतं तेच पुढच्या सीटवर बसायला भांडायचे.

मग खोकला आला. आधी धुळीचा म्हणून सोडून दिला, नंतर काढ्यानं जाईल म्हणून. शेवटी मोठ्या दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टरांनी छाती तपासली आणि मला जरा बाहेर बसायला सांगितलं. बाहेर बसल्या बसल्याच मी काय ते समजले. येताना टांग्यात, घर जवळ आल्यावर, हे म्हणाले, "एक वही आन. जाड बघून आन."

मी मोडनिंबच्या शाळेत मराठी चौथी केलेली. अक्षर बरं होतं, आणि ते दाखवायची हौस त्याहून बरी. दुसऱ्या दिवशी आमच्या दोघी मुली शाळेत गेल्या आणि गिरणीचा दुपारचा भोंगा झाला तशी ह्यांनी बाज कडुलिंबाखाली घ्यायला लावली, गाडीच्या अगदी शेजारी. मी जमिनीवर बसायला गेले, तर तिथं सगळीकडे तेल सांडलेलं. तेव्हा ह्यांनी बाकाची उरलेली एक फळी ओढली, तिच्यावर अंगठा आणि करंगळी ताणून दोनदा हात टाकला, खूण केली आणि धापा टाकत टाकत करवतीनं कापली. खाली दोन पट्ट्या ठोकल्या.

"ह्यो तुझा पाट. दोन विती हाय बराबर."

"तुमच्या हाताच्या दोन विती?" मी म्हटलं. ह्यांचा हात पुरुषाच्या मानानं लहान, सगळे त्यावरून चिडवायचे. "ह्याच्यावर मी बसू का नुसती टेकू?"

"लिवाय बसायचं हाय तुला, पंगतीला न्हाय."

तर अशी आमची वही सुरू झाली. रोज दुपारच्या भोंग्यापासून मुली परत येईपर्यंत. लिंबाच्या मोहराचा वास, पेट्रोलचा वास, आणि मधूनच येणारा तो खोकला. उन्हाचे कवडसे वहीवर हलत असायचे आणि मी त्यांच्या मधनं ओळी ओढत जायची. एवढं सुख आणि एवढं दुःख एकाच जागी बसून मी पुन्हा कधी भोगलं नाही. माणूस जाणार हे दोघांना ठाऊक होतं आणि आम्ही बोलत होतो ते खिळ्यांबद्दल.

"ही गाडी दुकानातली ऱ्हायली न्हाय आता," ते समजावून सांगत. "डायवर मिळंल तुला. पैशा पासरी मिळतील. पर हिच्यात मी काय काय बदललंय ते कळणारा मिळायचा न्हाय. मी गेलो की ही मुकी व्हईल. मग भंगारात घालतील, आन तुमी तिघी कुनाच्या तरी वसरीला जाऊन पडाल. म्हून लिव."

मी लिहिलं. पेट्रोलची टाकी सीटखाली होती ती काढून पुढं वर चढवली, कारण चढावर पेट्रोल इंजिनापर्यंत पोचत नव्हतं. टपाला गिरणीचं जाड कापड, त्याला आतून मेण. इंजिनातलं पाणी उकळून बाहेर येतं ते वाया जाऊ नये म्हणून तांब्याची कळशी बसवली. इथं मी माझ्या मनानं एक ओळ घातली: "कळशी माझ्या माहेरची, मोडनिंबची. न विचारता नेली." त्या दिवशीचं लिखाण वाचून दाखवताना ती ओळ आली, तसे हे इतके हसले की खोकल्याची उबळ आली. "खोड ते," म्हणाले. मी खोडली नाही.

आणि मग पट्ट्याचं पान आलं.

त्या गाडीत पायाखालची कळ दाबली की खालच्या डब्यातलं एक चाक आवळलं जायचं आणि गाडी चढ चढायची. ते चाक आवळणाऱ्या लोखंडी कड्याला आतून सुताचा जाड पट्टा लागतो, बाजेच्या नवारीसारखा. दहा माणसांचं ओझं पेलावं म्हणून ह्यांनी ते चाक आणि कडं दोन्ही बदलून मोठी बसवली होती, त्यामुळे दुकानातला पट्टा तिथं लागत नव्हता. पण सोलापुरात राहून सुतासाठी कोण अडतंय? पूर्व भागातल्या एका म्हाताऱ्या तेलुगू विणकराकडून ह्यांनी चार पदरी पट्टा विणून घेतला. तो कापायचा मात्र नाही. कापला की टोकाचे दोरे सुटतात आणि डब्यातल्या तेलात जाऊन बसतात. म्हणून दोन्ही टोकं मागावरच बांधून, नेमक्या लांबीचा विणायचा. मग एक दिवस उकळायचा, तीन दिवस एरंडेलात ठेवायचा. त्यात तो आटतो, आणि आटून कड्यात चपखल बसतो.

"लांबी किती लिहू?"

ह्यांनी हात वर केला. बोटं ताणली आणि स्वतःच थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले. उन्हात तो हात आरपार दिसेल असा झाला होता.

"अडीच विती आन एक बोट. उकळायच्या आदी."

मी लिहून घेतलं. वळणदार अक्षरात, खाली रेघ ओढून. वीत म्हणजे वीत. स्वयंपाकघरात चिमूट म्हणजे चिमूट असते, कुणाची म्हणून कोण विचारतं? तो हात ओढून वहीच्या पानावर ठेवला असता आणि भोवती पेन्सिल फिरवली असती तर? पेन्सिल माझ्या हातातच होती. या एका गोष्टीसाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

दिवाळी झाली आणि हे गेले.

तेरावा झाल्यावर माझे धाकटे दीर राहिले. ते कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात. घडीची फूटपट्टी कायम खिशात, आणि इंचाच्या आठव्या भागावर इतकी श्रद्धा की देवावर नसेल. माणूस प्रेमळ होता. त्यांनी संक्रांतीपर्यंत रजा काढली आणि मला स्पष्ट सांगितलं, "वैनी, रजंत गाडी नीट चालली तर डायवर बघून देतो, तुमी हितंच ऱ्हावा. न्हाय चालली तर इकून टाकू, आन तुमी पोरींना घिऊन माझ्याकडं या. कुर्डुवाडीला दोन खोल्या हायत्या माज्या."

दोन खोल्या, त्यात त्यांची पाच माणसं, आणि वर आम्ही तिघी. जाऊबाईंनी दोन दिवस गोड बोलून ठेवलं असतं, तिसऱ्या दिवशी भांडी आपटली असती. तिच्या जागी मीही आपटली असती. मला माझं घर सोडायचं नव्हतं. ह्यांचं सगळं माझ्यापाशी होतं ते त्या वहीत आणि त्या लिंबाखाली.

दिरांनी वही उघडून सीटवर ठेवली आणि एकेक ओळ वाचत गाडी समजून घेतली. कुठली कळ अर्धी ओढायची, हँडल किती वेळा रिकामं फिरवायचं, कुठला आवाज आला तर भ्यायचं नाही. तिसऱ्या दिवशी गाडी बोलली. तोच आवाज! मी चुलीपुढून उठून धावत आले आणि दारातच उभी राहिले. वाटलं, आता खालून दोन पाय बाहेर येतील. कळशीच्या ओळीपाशी दीर थांबले, माझ्याकडे बघून हसले आणि मग दोघांनाही रडू आलं.

पण सीना नदीत उतरून पलीकडचा चढ चढताना जुना पट्टा तुटला. डब्यात नुसता सुताचा लगदा मिळाला.

"काय बिघडलं न्हाय," दीर म्हणाले. "वहीत हाय की." त्यांनी पान उघडलं, वाचलं, आणि मान वर केली. "वैनी, अडीच विती. पर कुनाची वीत?"

मी वही ओढून घेतली आणि ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

दीर म्हणाले विती-बितीच्या भानगडीत पडायलाच नको, आणि त्यांनी फूटपट्टीनं लोखंडी कडं आतून मोजलं. तेवढाच पट्टा विणून आणला. मी वही पुढं केली, हे "उकळायच्या आदी" म्हणाले होते ते दाखवलं. "अर्दा सूत आटंल," ते म्हणाले. सूत म्हणजे त्यांचा तो इंचाचा आठवा भाग. पट्टा चांगलाच आटला; तो ओढूनताणून बसवायच्या नादात किती आटला ते दिरांनी मोजलंच नाही. सीनेच्या चढावर चाक घसरलं आणि गाडी मागं येत येत नदीच्या वाळूत जाऊन बसली, आणि पट्ट्याचा पुन्हा लगदा झाला.

दुसऱ्या खेपेला त्यांनी स्वतःची वीत लावली. दिरांचा हात म्हणजे फावडं. पट्टा लांब झाला, डब्यात त्याला घडी पडली आणि गाडीनं गल्लीतच असा हिसका दिला की समोरच्यांचा रांजण फुटला. मग मीच उठले. सव्वा महिना बाईनं बाहेर पडू नये म्हणून शेजारणी कुजबुजल्या; मी डोक्यावरून पदर घेतला आणि पूर्व भागात त्या विणकराकडे गेले. म्हातारा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. मला ओळखल्यावर त्यानं धोटा खाली ठेवला.

"माप? माझ्याकडं माप नाय, अक्का. तुझा मालक यायचा, हितं हात ठेवायचा." त्यानं मागाची पुढची लाकडी तुळई दाखवली. तेवढा भाग हात लागून लागून गुळगुळीत झाला होता. "मी हाताला बघून विणायचा. लिवून कशाला ठिवायचं? हात होता की."

मी त्या तुळईवरून बोटं फिरवली. एकाही खुणेचा पत्ता नव्हता. परत येताना सिद्धेश्वराच्या तळ्याच्या कडेनं आले. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेचे मांडव उभे राहत होते, पाण्यावर धुकं होतं, आणि माणसं, बैलं, बांबू सगळं दुसऱ्याच कुठल्या तरी गावात चाललंय असं मला वाटत होतं.

रजेचे सहा दिवस उरले होते. एक दिवस विणायला, एक उकळायला, तीन एरंडेलात. म्हणजे एकच खेप, आणि तीही अंदाजानं करायची. दीर म्हणाले, "आता पुरं, वैनी." भंगारवाला दुसऱ्या दिवशी यायचा होता. त्याला द्यायच्या सामानाची यादी करायला दीर कागद घेऊन लिंबाखाली बसले. टप, टाकी, कळशी. बाकं दोन. मी शेजारी पाट घेऊन बसले होते. रडणं संपलं होतं, नुसता राग होता. ह्यांच्यावर, माझ्यावर, आणि त्या फूटपट्टीवर सुद्धा.

"ह्यो पाट पण बाकाच्याच लाकडाचा दिसतुया," दीर म्हणाले. "ह्यो धरू का यादीत?"

"हात लावू नका," मी उसळले. "त्यो माझा हाय. ह्यांनी माझ्यासाठी केलाय, दोन विती—"



काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते खोटं नाही. पण माझा कळसा काखेतही नव्हता. मी त्याच्यावर बसले होते. वही लिहिताना त्याच्यावर, ते गेल्यावर त्याच्यावर, आणि आता यादी होत असतानाही त्याच्यावरच.

मी उठले. पाट उचलून उलटा केला. ह्यांच्या पेन्सिलची खूण फळीच्या कडेला अजून होती. घरातून सुताचा दोरा आणला, पाटाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ताणला, तोडला आणि बरोबर मधोमध दुमडला. माझ्या दोन बोटांत लोंबत होती ती ह्यांची वीत.

दिरांनी खिशातली फूटपट्टी काढली, पुन्हा आत ठेवली आणि भंगारवाल्याच्या यादीचा कागद फाडला. मी दुमडलेला दोरा जमिनीवर सरळ ठेवला आणि त्यावर माझा हात ताणला. माझी करंगळी एक बोट मागं राहिली. ते एक बोट भरून निघणार नव्हतं, ते मला तेव्हाच कळलं.

विणकरानं दोरा डोळ्याजवळ नेला, मागाच्या तुळईवर त्या गुळगुळीत जागी ठेवला आणि मान डोलावली. "हाच तो," म्हणाला. एक बोट कुणाचं, असं मी विचारलं, तर म्हणाला, "बोट माझं चालंल, अक्का. ते नेहमी माझंच असायचं." ते मात्र वहीत नव्हतं. दोघांचा मिळून तो पट्टा होता आणि मला ठाऊकच नव्हतं.

रजेच्या शेवटच्या दिवशी सकाळी दिरांनी पट्टा बसवला. मी पुढच्या सीटवर बसले, वही मांडीवर घेऊन. ह्यांच्या हयातीत मी त्या सीटवर एकदाही बसले नव्हते. ती उतारूंची जागा. गाडी निघाली, गाव मागं पडलं, ज्वारीच्या हिरव्या शेतांवर दव होतं. नदीचा उतार आला. खाली पाणी, वाळू, गाडीच्या सावलीला बिचकून उठलेले बगळे. पलीकडे चढ उभा होता.

दिरांनी कळ दाबली. खालून एक धक्का आला, आणि मग काहीच नाही. नुसती गाडी चढत राहिली. एका ओळीत, न अडखळता, जशी ती मला आता झोपेत दिसते तशी. त्या डब्यात, तेलात, ह्यांचा हात घट्ट आवळून धरून बसला होता. मी मोठ्यानं रडले. दिरांनी गाडी थांबवली नाही, ते फार बरं केलं.

घरी आल्यावर ते म्हणाले, "वैनी, आता तेवडं इंचात लिवून ठिवा." मी त्यांच्यादेखत इंचही लिहिले. ड्रायव्हर मिळाला, गाडी पुढं बरीच वर्षं मोहोळला गेली, मुली त्याच घरातून सासरी गेल्या. दर वेळी पट्टा विणायला टाकताना मी इंच सांगायची आणि म्हातारा हात झटकायचा. "इंच ऱ्हाऊ दे, अक्का. पाट आण." मग मी पाट काखेत मारून पूर्व भागात जायची.

वही आता नातवाकडे आहे. त्या पानावर ह्यांनी सांगितलेल्या ओळीखाली माझ्या अक्षरात आणखी चार ओळी आहेत. दीर कुर्डुवाडीला परत गेले त्याच संध्याकाळी मी त्या लिहिल्या, कुणी "लिव" न म्हणता:

"वीत म्हणजे माझ्या पाटाची अर्धी लांबी. पाट घरात आहे. तो विकू नये, जाळू नये, कुणाला देऊ नये. बसायला हरकत नाही."